पन्नाशीच्या आत प्रोस्टेट कॅन्सर निघाला, आता कुठली ट्रीटमेंट घ्यायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगतो, मी डॉक्टर नाही. २०२१ मध्ये कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) वाढलेला, ५.९ आला तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो, नाशिकला नोकरी, मुलगी बारावीत, आणि प्रोस्टेट, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, हा म्हाताऱ्यांचा अवयव आहे असा माझा समज. तेव्हापासून कुणाच्या मेव्हण्याला, कुणाच्या साहेबांना असं काही निघालं की माझा नंबर दिला जातो आणि मी फोनवर तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. तुमच्या केसचा निर्णय तुमचे डॉक्टर आणि तुम्हीच घ्यायचा, पण त्यांच्यासमोर बसायच्या आधी हे वाचलंत तर निदान काय विचारायचं ते तरी कळेल.

डॉक्टर म्हणतायत लगेच ऑपरेशन करा. खरंच एवढी घाई असते का?

बहुतेक वेळा नाही. मला पहिल्या सर्जननी रिपोर्ट बघून तिथल्या तिथे सांगितलं, "पुढच्या मंगळवारी टाकून देऊ लिस्टला." बायकोने पर्समधून कॅलेंडरच काढलं. बायोप्सी होऊन आठ दिवस पण झाले नव्हते! नंतर कळलं की बायोप्सीची सूज उतरायला वेळ द्यायचा असतो आणि ऑपरेशन साधारण सहा आठवडे तरी थांबून करतात. लो रिस्क किंवा मधल्या रिस्कचा प्रोस्टेट कॅन्सर हा हळू चालणारा प्रकार आहे, चार-सहा आठवडे विचार करायला, दुसरं मत घ्यायला घेतले तर गाडी सुटत नाही. ग्लिसन (पेशी किती बिघडल्यात त्याचा नंबर, पुढे सांगतो) ८ किंवा वर असेल, पीएसए २० च्या वर असेल, किंवा गाठ प्रोस्टेटच्या बाहेर डोकावतेय असं एमआरआयमध्ये असेल तर मात्र रेंगाळू नका. तिथेही आधी पीएसएमए पेट स्कॅन करून आजार कुठवर गेलाय ते बघतात, मग ठरवतात. माझ्या त्या मंगळवारी मी गेलो नाही, त्याचं मला आजवर एकदाही वाईट वाटलेलं नाही.

ग्लिसन ३+३, ३+४, ४+३ म्हणजे नक्की काय?

बायोप्सीत साधारण बारा बारीक तुकडे काढतात, एमआरआयमध्ये डाग दिसला असेल तर तिथून जादा. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघून पेशी किती बिघडल्यात त्याला ३ ते ५ नंबर देतो, सगळ्यात जास्त दिसणारा नमुना पहिला आणि दुसरा त्याच्या पुढे. म्हणून ३+४ आणि ४+३ दोन्हीची बेरीज ७ असली तरी दोन्ही एक नाहीत, ४+३ मध्ये वाईट पेशी जास्त. हल्ली सोबत ग्रेड ग्रुप १ ते ५ पण लिहितात: ३+३ म्हणजे १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, मग ८ म्हणजे ४, आणि ९-१० म्हणजे ५. ६ ही सगळ्यात खालची पायरी आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी दहापैकी सहा ऐकून आख्खी रात्र जागा होतो.

बायोप्सीचा रिपोर्ट दुसरीकडे दाखवायची गरज असते का?

असते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट आहे. रिपोर्टचा कागद नाही, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दाखवायचे. लॅबमध्ये अर्ज दिला की मिळतात, ते तुमचेच असतात. मी ते एका जुन्या टिफिनच्या डब्यात कापूस घालून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला नेले, डबा आख्खा रस्ता मांडीवर. पहिल्या लॅबचं म्हणणं ३+३. दुसऱ्या ठिकाणी आलं ३+४, दोन तुकड्यांत, त्यातला ४ नंबरचा भाग दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे ज्यांनी घाई केली त्यांच्याच कागदावर घाई करण्यासारखं काही नव्हतं, आणि खरा आजार त्या कागदापेक्षा थोडा पुढचा होता. परळच्या टाटा मेमोरियलला असा रिव्ह्यू होतो, शिवाय टाटाशी जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेकंड ओपिनियनची सोय आहे, तिथे सगळे रिपोर्ट अपलोड केले की तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं. गावाकडून मुंबईला हेलपाटे मारायचे नसतील त्यांना बरं पडतं.

कॅन्सर असताना नुसतं लक्ष ठेवायचं? आणि तेही चाळिशीत?

याला ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. नुसतं बसून राहणं नाही हे, दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरलेल्या अंतराने एमआरआय, पुन्हा बायोप्सी, आणि काही बदललं की ट्रीटमेंट. ग्रेड ग्रुप १ ला आता जगभर बहुतेक ठिकाणी हाच पहिला पर्याय मानतात, आणि निवडक ३+४ ला पण देतात.

ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, १६४३ पुरुष, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटलेले: एकाला लक्ष ठेवायचं, एकाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन. २०२३ मध्ये १५ वर्षांचा निकाल आला, आणि प्रोस्टेट कॅन्सरने मेलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच. ऐकायला भारी वाटतं, पण तरुण माणसाने पुढचं पण वाचायचं. लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के, बाकी दोन्हीत ५ च्या आसपास. त्या गटातल्या ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी १५ वर्षांत शेवटी ट्रीटमेंट घेतलीच. आणि ही सगळी माणसं ५० ते ६९ वयाची होती. त्यांना १५ वर्षं म्हणजे पुष्कळ, पण ४६ व्या वर्षी माझ्यापुढे ३५ वर्षं असू शकतात, त्या काळात काय होतं ते हा अभ्यास सांगू शकत नाही. उलट त्यांच्या वेळी मुख्य भिस्त पीएसएवर होती, एमआरआय नव्हता, आता लक्ष ठेवणं पुष्कळ सुधारलंय.

मी चौदा महिने वॉचवर राहिलो. मुलीची बारावी झाली, ॲडमिशन झाली, मी तेवढा वेळ नॉर्मल माणूस होतो. दुसऱ्या एमआरआयमध्ये डाग वाढलेला दिसला, पुन्हा बायोप्सीत ४ नंबरचा भाग वाढला, मग ऑपरेशन. लोक विचारतात, चौदा महिने वाया गेले ना? नाही हो. ते चौदा महिने मी कमावले. पण एक आहे, ज्याला पीएसएच्या आधी आठ दिवस झोपच लागत नाही त्याने स्वतःशी प्रामाणिक राहावं, असं वर्षानुवर्षं जमत नाही प्रत्येकाला.

ऑपरेशन चांगलं की रेडिएशन?

सर्जनला विचाराल तर ऑपरेशन, रेडिएशनवाल्याला विचाराल तर रेडिएशन. दोघांनाही भेटा. बरं होण्याच्या बाबतीत, आजार प्रोस्टेटमध्येच असेल तर दोन्ही जवळजवळ बरोबरीत आहेत. म्हणजे तुम्ही खरं तर कुठला त्रास आयुष्यभर चालवून घ्याल ते निवडताय. हे वाक्य मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, सगळे 'कुठलं बेस्ट' याच्यावरच बोलत राहिले.

ऑपरेशनचा त्रास पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त आणि मग उतरत जातो: लघवी सुटणं, ताठरपणा जाणं. रेडिएशनचा उलटा, सुरुवातीला माणूस कामावर जाऊन येऊन करतो, पण लघवीची जळजळ, शौचाच्या जागेचा त्रास, रक्त पडणं हे काही जणांना महिन्यांनी वर्षांनी येतं. आमच्याकडची जुनी माणसं रेडिएशनला 'शेक' म्हणतात, म्हणून वाटतं गरम कपडा लावतात, तसं काही नसतं, मशीनखाली पाच-दहा मिनिटं झोपायचं, काही जाणवत पण नाही. पूर्वी सात-आठ आठवडे जावं लागायचं, आता २० वेळा पुरतं, आणि निवडक लोकांना ५ वेळा मोठ्या डोसमध्येही देतात.

तरुण वयात ऑपरेशनकडे पारडं झुकतं त्याची कारणं मला अशी समजली. एक, प्रोस्टेट काढून लॅबला जातं त्यामुळे आजार नेमका किती होता ते कळतं. दोन, नंतर पीएसए जवळजवळ शून्य व्हायला हवा, ०.२ च्या वर गेला की लगेच ओळखू येतं आणि तेव्हा रेडिएशन देता येतं. उलट आधी रेडिएशन घेऊन आजार परत आला तर ऑपरेशन फार अवघड होतं, तिथले टिश्यू चिकटलेले असतात. तीन, किरणांमुळे मूत्राशयाचा किंवा गुदाशयाचा दुसरा कॅन्सर पुढे होण्याची शक्यता थोडी वाढते, शक्यता लहानच, पण त्यासाठी लागणारी वीस-तीस वर्षं तरुण माणसाकडे असतात.

याचा अर्थ तरुणाने रेडिएशन घेऊच नये असा नाही. हाय रिस्क आजारात रेडिएशन आणि हार्मोन (म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बंद पाडणारं इंजेक्शन) मिळून फार चांगलं काम करतात, आणि त्यातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या टाटाचाच आहे. २२४ पेशंट, नुसत्या प्रोस्टेटला किरणं देण्यापेक्षा आजूबाजूच्या लिम्फ नोडच्या (रसग्रंथींच्या) भागालाही दिली तर आजार परत येण्याचं प्रमाण कमी होतं असं २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं. जगभर वाचलं गेलं ते.

रोबोटने केलं तर त्रास कमी होतो का?

रक्त कमी जातं, हॉस्पिटलातून लवकर सुटतो, पोटावर मोठा टाका नसतो. पण लघवी आणि शरीरसंबंध या दोन गोष्टींत ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालेल्या तुलनेत दोन वर्षांनी ओपन (पोट उघडून केलेलं) आणि रोबोटिकमध्ये फरक दिसला नाही. तेव्हा मशीनपेक्षा मशीन चालवणारा बघा. सर्जनला सरळ विचारायचं, वर्षाला किती करता, तुमच्या पेशंटपैकी वर्षानंतर किती जण लघवीसाठी पॅड वापरतात, माझ्या दोन्ही बाजूच्या ताठरपणाच्या नसा वाचवता येतील का. मी विचारलं तेव्हा एक सर्जन चिडले, दुसऱ्यांनी वही काढून आकडे सांगितले. मी कुणाकडे गेलो ते ओळखा.

लघवीचं खरं काय होतं? कुणी नीट सांगत नाही.

ऑपरेशननंतर सात ते दहा दिवस लघवीची नळी असते. डिस्चार्जनंतर मी नळीची पिशवी भाजीच्या कापडी पिशवीत ठेवून रिक्षाने घरी आलो, खालच्या काकूंनी विचारलं पण, "काय आणलं मंडईतून?"

नळी काढली की पहिले दिवस उठलं, खोकलं, शिंकलं की सुटते. मेडिकलवाल्याने मला मोठ्यांचे डायपर काळ्या पिशवीत गुंडाळून दिले तेव्हा बायको फस्सकन हसली, म्हणाली "आता कळलं का आम्हाला कसं वाटतं?" मी डायरीत रोजचे पॅड लिहायचो: पहिल्या आठवड्यात रोज पाच, सहाव्या आठवड्यात दोन, चौथ्या महिन्यात एक, नवव्या महिन्यात बंद. ते लिहिणं फार उपयोगी पडलं कारण रोजच्या रोज काही सुधारतंय असं वाटतच नाही, मागची पानं उलटल्यावर कळतं.

प्रोटेक्टमध्ये ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के लोक पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. तरुण माणसांचं साधारण यापेक्षा बरं असतं. केगल व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिका, चारचौघांत गॅस अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, श्वास न रोखता. मी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये करायचो, तिथे सराव भरपूर होतो.

शरीरसंबंधांचं काय? हे विचारायची लाज वाटते.

लाज सोडा, कारण डॉक्टर स्वतःहून हा विषय क्वचितच काढतात, आणि चाळिशी-पंचेचाळिशीत हा अर्ध्या संसाराचा प्रश्न असतो. ताठरपणाच्या नसा प्रोस्टेटला अगदी चिकटून जातात. त्या कुठून जातात हे कळल्यावर अमेरिकेत सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये नसा वाचवून पहिलं ऑपरेशन केलं, त्याआधी ऑपरेशन म्हणजे ते संपलंच असं होतं. आताही नसा वाचवल्या तरी त्या दुखावतात आणि जाग्यावर यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. गाठ नसेच्या बाजूलाच असेल तर ती नस सोडणं धोक्याचं, तिथे कॅन्सर आधी.

सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांट, अशा पायऱ्या असतात. हार्टची नायट्रेटची गोळी चालू असेल, म्हणजे सॉर्बिट्रेट वगैरे, तर या गोळ्या अजिबात नाही, जिवावर बेतेल. ऑपरेशननंतर वीर्य येत नाही, पण तृप्तीची भावना राहते, हे दोन्ही मला आधी माहीत नव्हतं. रेडिएशनमध्ये हीच घसरण हळूहळू येते, हार्मोन जोडले तर इच्छाच कमी होते.

आमचं पहिलं वर्ष अवघड गेलं. मी चिडचिडा झालो होतो, पाठ करून झोपायचो. बायकोला सर्जनकडे सोबत नेलं आणि तिनेच प्रश्न विचारले तेव्हा कुठे गाडी हलली. बायकोला बाहेर बसवू नका.

अजून मूल हवं असेल तर?

ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी वीर्य गोठवून ठेवा. ऑपरेशननंतर नैसर्गिकरीत्या मूल होत नाही, रेडिएशन आणि हार्मोनचाही परिणाम होतो. नंतर वृषणातून शुक्राणू काढून आयव्हीएफ करता येतं, पण ते खर्चिक आणि कटकटीचं. लग्न ठरायचं असलेल्या माणसालाही हे लागू आहे, एका दिवसाचं काम आहे, संकोचापायी सोडू नका.

हार्मोनचं इंजेक्शन सगळ्यांनाच घ्यावं लागतं का?

नाही. लो रिस्कला नाही. मधल्या रिस्कमध्ये रेडिएशनसोबत बऱ्याचदा सहा महिने, हाय रिस्कला दीड ते तीन वर्षं. टेस्टोस्टेरॉन बंद पाडतं, त्यामुळे बायकांना पाळी जाताना येतात तशा गरम वाफा, वजन वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मूड जाणं. तरुणाला हे जास्त टोचतं. व्यायाम, तोही वजनं उचलण्याचा, आणि कॅल्शियम-व्हिटॅमिन डीबद्दल डॉक्टरांना विचारणं, एवढं कराच.

प्रोटॉन, हायफू, गुळवेलीचा काढा?

प्रोटॉन, म्हणजे नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेलं रेडिएशन, चेन्नईत आणि खारघरला आहे. प्रोस्टेटसाठी नेहमीच्या चांगल्या रेडिएशनपेक्षा त्रास कमी होतो असं अमेरिकेतल्या तुलनेत निघालं नाही, त्यासाठी घर विकू नका. हायफूसारखं (अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने) फक्त गाठ जाळणं ठरावीक लोकांना चालतं, पण तरुणाला लागणारा तीस वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी नाही. काढ्याचं म्हणाल तर मला आत्याने पाठवलेली गुळवेल अजून कपाटात आहे. गुळवेलीने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवल्यात. काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

पैसे आणि इन्शुरन्स?

दोन खड्डे सांगतो, दोन्हीत मी पडलोय. पहिला, क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे मोठा आजार निघाला की ठरलेली रक्कम देणारी. तिच्या ठरावीक व्याख्येत ग्लिसन ६ पर्यंतचा, लवकर सापडलेला प्रोस्टेट कॅन्सर धरतच नाहीत, ग्लिसन ६ च्या वर हवा किंवा स्टेज कमीत कमी टी२, म्हणजे तपासणीत गाठ लागते पण ती प्रोस्टेटमध्येच आहे. पहिल्या रिपोर्टवर माझा क्लेम नाकारला गेला, रिव्ह्यूमध्ये ७ आल्यावर पुन्हा टाकला. दुसरा, रोबोटिक सर्जरी मेडिक्लेममध्ये येते, पण बऱ्याच पॉलिसींत तिला वेगळी मर्यादा असते, वरचं खिशातून. ॲडमिट व्हायच्या आधी लेखी घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कव्हर २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत केलं आणि सगळ्या रेशनकार्डवाल्यांना खुलं केलं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आधी विचारा कुठली ट्रीटमेंट बसते, बिल झाल्यावर नाही.

ऑफिसात सांगायचं का?

मी साहेबांना सांगितलं, बाकीच्यांना 'हर्नियाचं ऑपरेशन'. एका महिन्याने सगळ्यांना माहीत होतं. तुमचं तुम्ही ठरवा.

भाऊ, मुलगा यांना धोका आहे का?

बाप किंवा भावाला असेल तर धोका साधारण दुप्पट, आणि तो तरुणपणी झाला असेल तर आणखी वाढतो. म्हणून घरातल्या पुरुषांनी पन्नाशीची वाट न बघता चाळीस-पंचेचाळीसपासून पीएसए करायचा. टेस्टच्या आधी दोन दिवस संबंध नको, लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो. एवढ्या कमी वयात निघाला असेल तर बीआरसीए२ वगैरे जीन टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा, खासकरून घरात कुणा बाईला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर. कारण तोच जीन मुलीकडे पण जाऊ शकतो, मुलीचा बाप म्हणून मला ही टेस्ट टाळता आली नाही. माझी निगेटिव्ह आली.

धाकटा भाऊ दोन वर्षं टाळत होता, "मला काही त्रास नाही" म्हणत. मला तरी कुठे होता! शेवटी गणपतीत घरी आला होता तेव्हा सकाळी आरतीच्या आधी लॅबवाल्या पोराला घरीच बोलावलं आणि त्याला सोवळ्यात बसवून रक्त काढलं. ०.८ आला. आता दर वर्षी गणपतीत काढतो.